भिंतीआडची बाळंतीण

मुक्या प्राण्यांवर दया करावी, असे आपणां सर्वांस लहानपणापासून शिकविले जाते. घरी आजी तेच सांगते, शाळेत गुरुजी तेच सांगतात आणि प्रार्थनामंदिरातही तेच ऐकू येते. परंतु ज्याच्यावर दया करावयाची त्याचे जीवन कसे चालते, हे आधी समजून घ्यावे, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. मला ती एका पक्षिणीने शिकविली. त्या शिकवणीची किंमत बहुधा तिलाच मोजावी लागली. या गोष्टीस आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि आजवर ती मी घरच्या दोघातिघांपलीकडे कोणास सांगितलेली नाही. आपल्या शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहून द्यावे, असा आग्रह झाला तेव्हा प्रथम तीच आठवली. म्हणून ती येथे लिहितो.

आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, तिळारी नदीच्या खोऱ्यापासून फार लांब नसलेल्या एका लहानशा गावी आहे. घरामागे परसू, परसवातून खाली उतरण, उतरणीच्या तळाशी बारमाही वाहणारा व्हाळ आणि व्हाळापलीकडे देवाचे रान. त्या रानात कुऱ्हाड चालत नसे. देवाच्या नावाने राखलेली अशी राने कोकणात गावोगाव होती. काही अजूनही आहेत. त्या रानाच्या अलीकडे, आमच्याच जमिनीत, एक जुनाट बेहडा उभा होता. त्याची उंची सत्तर-ऐंशी फूट तरी असावी. एका बाजूची मोठी फांदी कधी काळी वादळात मोडली होती आणि त्या जखमेतून आतले लाकूड कुजत जाऊन तेथे एक खोल ढोली झाली होती. झाड उतरणीवर असल्यामुळे वरच्या अंगाच्या कातळावर उभे राहिले, की ती ढोली जवळजवळ डोळ्यांच्या समोर येई. मधले अंतर बारा-चौदा हातांचे असेल.

त्या ढोलीत दर वर्षी महाधनेशाचे घरटे असे. आमच्याकडे या पक्ष्यास गरुड म्हणतात. परंतु गरुडाशी त्याचे काही नाते नाही. हा धनेशांच्या कुळातला मोठा पक्षी आहे. लांबी तीन फुटांहून अधिक, पंख पसरले म्हणजे सुमारे पाच फूट. अंग काळे, मान पांढरी, शेपटी पांढरी आणि तिच्यावर आडवा काळा पट्टा. चोच पिवळी, भली मोठी, आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखे दुसरे एक पिवळे शिंग. हे शिंग दिसावयास जड, पण आतून बरेचसे पोकळ असते. नराचे डोळे लाल, मादीचे पांढुरके. तो उडू लागला म्हणजे पंखांच्या पिसांमधून वारा घुसून असा घोष होतो, की पक्षी दृष्टीस पडण्यापूर्वीच तो येत असल्याचे कळते. त्या काळी आमच्या भागात आगगाडी नव्हती. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचा आवाज मी पुढे मोठेपणी प्रथम ऐकला तेव्हा, ‘हा तर आमचा गरुड!’ असेच माझ्या मनात आले.

मी सांगतो आहे ते वर्ष १९८२. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि गावच्या शाळेत पाचवीत शिकत होतो. वडील मुंबईस एका कापडगिरणीत कामास होते. कोकणातल्या कित्येक घरांप्रमाणे आमचेही घर पोस्टाने येणाऱ्या मनीऑर्डरीवर चाले. घरी आजोबा, आई आणि मी असे तिघे होतो, आणि आईस दिवस गेले होते. त्या वर्षी १८ जानेवारीस मुंबईच्या गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप महिनाभरात मिटेल, असे वडिलांनी पत्रातून कळविले. फेब्रुवारीची मनीऑर्डर आली. मार्चची आली नाही.

जानेवारीच्या अखेरीस धनेशाची जोडी बेहड्यावर दिसू लागली. नर मादीपुढे बसून चोचीतून एकेक फळ तिला देई. ती ते घेई, कधी नाकारी, मग ढोलीत डोके घालून आत बाहेर पाही. आजोबा आणि मी कातळाच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीआड बसून हे पाहत असू. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी मादी ढोलीत शिरली आणि बाहेर आली नाही. आजोबा म्हणाले, “आता ही तीन म्हयने भायर येवची नाय.”

पुढचे काही दिवस तिचे बांधकाम चालले होते. आपली विष्ठा, आतला लाकडाचा भुसा, खाल्लेल्या फळांचा चोथा, हे सारे चोचीत घेऊन ती ढोलीच्या तोंडाला थापीत होती. गवंडी जशी थापी चालवितो तशी ती चोचीची आडवी बाजू डावीकडून उजवीकडे चालवी. हा गिलावा वाळला म्हणजे मातीच्या भिंतीसारखा कठीण होतो. शेवटी फक्त एक उभी फट राहिली. तीतून चोचीचे टोक तेवढे बाहेर येऊ शकत होते. दिवसातून कित्येक वेळा नर येई, बुंध्यास बिलगून बसे, मान हलवून गळ्यातून एक उंबर वर काढी आणि त्या फटीतून आत देई. मग दुसरे, मग तिसरे. गळ्याच्या पिशवीत त्याने कितीतरी फळे भरून आणलेली असत. सारी देऊन झाली, की तो पंखांचा घोष करीत पुन्हा रानावरून दूर निघून जाई.

हे मी रोज पाही, आणि मला ते सुंदर वाटण्याऐवजी दिवसेंदिवस अधिकच वाईट वाटू लागले. माझ्या एका सोबत्याने मला सांगितले होते, की नर संशयी असतो, बायको पळून जाऊ नये म्हणून तो तिला भिंतीत चिणतो. भिंत मादीनेच घातली, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले होते. तरीही सोबत्याची गोष्ट मला खरी वाटली! मनुष्याच्या मनास एकदा एखादी कथा आवडली, म्हणजे डोळ्यांची साक्ष ते मानीत नाही.

शिवाय घरी जे चालले होते त्याचाही परिणाम माझ्यावर होत होता. मार्चच्या विसाव्या तारखेच्या सुमारास मला बहीण झाली. माजघरामागची लहान खोली बाळंतिणीची. तिची खिडकी झाकलेली, दाराला पडदा, आत शेगडी आणि ओव्याची धुरी. मला आत जावयाची मनाई होती. गावातली एक म्हातारी सकाळ-संध्याकाळ येऊन आईला आणि बाळाला न्हाऊमाखू घाली आणि मला दारातून हाकलून देई. रात्री पडवीत निजलो असता कधी कधी आईच्या हुंदक्यांचा आवाज येई. आजोबा पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसत. मला कोणी काही सांगत नव्हते. आईला अंधारात कोंडले आहे आणि त्यामुळे ती रडते आहे, एवढेच माझ्या बालबुद्धीस कळले. त्या दाराचा पडदा दूर सारण्याचे बळ माझ्यात नव्हते. परंतु दुसरी एक कोंडलेली आई मला ठाऊक होती, आणि तिची भिंत मला पाडता येण्यासारखी होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील एक दुपार. आजोबा वामकुक्षी करीत होते. आंबे उतरविण्याच्या दोन आकड्या पडवीत टेकून ठेवलेल्या असत. त्या सुंभाने एकास एक बांधून मी कातळावर गेलो. नर नुकताच येऊन गेला होता. मी आकडीचे टोक फटीत घातले आणि जोराने बाजूस ओढले. भिंत मला वाटली होती त्याहून कितीतरी टणक निघाली. तिसऱ्या हिसड्याला तळहाताएवढा एक तुकडा सुटून खाली पाचोळ्यात पडला. त्याच क्षणी आतून असा एक कर्कश ओरडा आला, की माझे हात गळाले. पिवळ्या चोचीचा तडाखा आकडीवर बसला, एकदा, दोनदा. मोठ्या झालेल्या छिद्रातून मला ती ओझरती दिसली. तिला शेपटी नव्हती. जेथे लांब पिसे असावयाची तेथे कोंबांसारखी खुंटे होती. पंखही तसेच. हा पक्षी बाहेर आलाच असता, तर उडाला नसता. दगडासारखा खाली पडला असता.

मी आकडी तेथेच टाकून जाळीआड पळालो. थोड्या वेळाने नर आला. तो नेहमीच्या जागी बसला नाही. समोरच्या झाडावर बसून त्याने मान वाकडी करून ढोलीकडे पाहिले, खाली पडलेल्या आकडीकडे पाहिले, आणि गळ्यात भरलेली फळे तशीच घेऊन तो उडून गेला. संध्याकाळपर्यंत तो परतला नाही.

रात्री मला जेवण गेले नाही. आजोबांनी कारण विचारले, तेव्हा मी सर्व सांगून टाकले. ते मारतील असे मला वाटले होते. त्यांनी मारले नाही. बराच वेळ ते कंदिलाच्या वातीकडे पाहत बसले. मग म्हणाले, “ती बंदीवान नाय रे, झिला. बाळंतीण आसा ती.”

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी ते मला घेऊन निघाले, आणि नेहमीच्या जागेहून बरेच मागे, झाडांच्या आड आम्ही बसलो. त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितले ते मी पूर्वी कधी विचारलेच नव्हते. मागच्या आठ-दहा दिवसांपासून नर फळांबरोबर सरडे आणि किडेही आणीत आहे, हे त्यांनी हेरले होते. त्यावरून आत पिल्लू फुटले आहे हे त्यांस कळले होते. व्हाळाकाठच्या घोरपडी, झाडावर चढणारे साप, वानरे, यांपैकी कोणासही त्या फटीतून आत शिरता येत नाही. भिंत आहे म्हणून पिल्लू आहे. मादी आत बसून जुनी पिसे टाकते आणि नवी धारण करते. ती नवी येईपर्यंत तिला उडता येत नाही. तिचे आणि पिल्लाचे सारे जीवित बाहेर हिंडणाऱ्या त्या एकट्या नरावर अवलंबून असते. त्यास कोणी गोळी घातली, तर एका गोळीत तीन जीव जातात. हे सांगून आजोबा थांबले आणि वळून वाटेकडे पाहू लागले. ते पोस्टमनची वाट पाहत होते, की धनेशाची, हे मला तेव्हा समजले नाही.

त्या दिवशी नर दोनदा आला आणि दोन्ही वेळां दूर बसून परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकदम बुंध्याशी येऊन बिलगला आणि एकामागून एक उंबरे आत देऊ लागला. मी मोजली, तेवीस होती. मादीने आतून पुन्हा थापाथापीस आरंभ केला होता. चार-पाच दिवसांत छिद्र लहान होऊन पूर्ववत् फट तेवढी राहिली. मला कोण आनंद झाला! मी मनात म्हटले, झाले ते भरून निघाले.

परंतु तसे झाले नव्हते. मेच्या मध्याच्या सुमारास मादीने भिंत फोडली आणि नव्या, चकचकीत पिसांनिशी ती बाहेर आली. महाधनेशांमध्ये आई अशी आधी बाहेर येते. पिल्लू आतच राहते आणि, आश्चर्याची गोष्ट ही, की ते कोवळे पोर स्वतः पुन्हा भिंत घालून घेते. मग आईबाप दोघे मिळून त्यास चारतात, आणि पुढे काही आठवड्यांनी ते बाहेर पडते. आम्ही वाट पाहिली. ढोलीचे तोंड उघडेच राहिले. कोणी आतून भिंत घातली नाही, कोणी चारा घेऊन आले नाही. जोडी दोन दिवस आसपास दिसली, मग रानावरून निघून गेली. पिल्लू कशाने गेले, हे सांगता येणार नाही. उण्यापुऱ्या दोन दिवसांच्या उपवासाने गेले असेल, दुसऱ्या काही कारणाने गेले असेल. आजोबांनी त्याविषयी मला एक शब्दही ऐकविला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर गावात लाकडाचा व्यापारी आला. संप मिटण्याचे चिन्ह नव्हते आणि घरोघरी पैशांची चणचण होती. पुष्कळांनी आपल्या जमिनीतली झाडे विकली. आमच्याकडेही तो आला. बेहडा पोकळ आहे, इमारतीस उपयोगाचा नाही, सरपणाच्या भावाने नेतो, असे त्याचे म्हणणे. मी पडवीच्या खांबाआड उभा होतो. पुढे येऊन मी आजोबांस एवढेच म्हटले, “आजो, तो नको.” आजोबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी दोन किंजळी आणि एक ऐन दिला. ती चांगली, सरळ, घराच्या कामासाठी राखून ठेवलेली झाडे होती. बेहडा राहिला. घराची पुढली पडवी मात्र त्यानंतर कैक वर्षे मोडक्या वाशांवरच उभी होती. ऑगस्टमध्ये वडील एक वळकटी घेऊन गावी परतले. ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत.

पुढल्या वर्षी मला या शाळेच्या बोर्डिंगात घालण्यात आले. येथे जीवशास्त्राच्या गुरुजींनी मला पक्ष्यांविषयी पुस्तके दिली आणि आजोबांनी जाळीआड बसून सांगितलेले सर्व त्यांत छापलेले आढळले. उष्ण प्रदेशातील सखल अरण्यांत घरटी लुटणारे प्राणी फार, त्यामुळे तेथील पक्ष्यांनी संसार राखण्याच्या नाना युक्त्या योजिल्या आहेत. तिबोटी खंड्या पावसाळ्याच्या आरंभी कोकणात येतो आणि ओढ्याच्या काठच्या मातीत बोगदा खणून त्यात अंडी घालतो. शिंपी पाने शिवून त्यांत घरटे लपवितो. तांबूस सुतार तर झाडावरच्या मुंग्यांच्या नांदत्या वारुळातच पोकळी करून आपले घर थाटतो. राखणदार आयतेच मिळतात. तांबट आणि सुतार आपली ढोली स्वतः कोरतात. धनेशास मात्र ढोली कोरता येत नाही. त्यास झाडाने शतकभर जगून, जखमी होऊन, आतून कुजून तयार केलेली आयती ढोलीच हवी असते, आणि एकदा मनास आलेली ढोली तो वर्षानुवर्षे सोडीत नाही. म्हणजे मनुष्य ज्यास निरुपयोगी म्हणून सर्वांआधी तोडतो, तेच झाड त्याच्या वंशाचा आधार! महाधनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते, ती सुमारे ३८ ते ४० दिवस उबविते, आणि बहुधा एकच पिल्लू वाढते. सारा प्रपंच मिळून सुमारे चार महिने चालतो. एक वर्ष चुकले, की त्या जोडीचा एक वंशज गेला.

त्याच पुस्तकांत मला आणखी एक गोष्ट सापडली. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा थोर निसर्गशास्त्रज्ञ १८६१ च्या अखेरीस सुमात्रा बेटात हिंडत होता. त्याच्या शिकाऱ्यांनी एक धनेश नर मारून आणला. भिंतीआडच्या मादीस तो चारीत असतानाच गोळी लागली होती. वॉलेसने ते झाड जाऊन पाहिले, आणि त्याच्या इच्छेवरून भिंत फोडून मादी व तिचे पिसे नसलेले, जेलीच्या पिशवीसारखे पिल्लू त्याच्यापाशी आणण्यात आले. १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे वर्णन केले आहे. ते वाचून मला प्रथम थोडा दिलासा वाटला, की माझ्याहून मोठ्या माणसानेही ती भिंत फोडली होती. मग लाज वाटली. त्याने निदान जगास काही नवे ज्ञान दिले. माझ्या हातून तर जे ज्ञान जाळीआड बसून फुकट मिळत होते त्याचाच अव्हेर झाला होता.

वाचकांपैकी कोणी मुंबईस गेल्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर हाच पक्षी दिसेल. विल्यम नावाचा एक महाधनेश कारवारकडून त्या संस्थेच्या कचेरीत आला आणि १८९४ पासून १९२० पर्यंत, तब्बल २६ वर्षे, तेथे राहिला. संस्थेच्या इमारतीचे नावही हॉर्नबिल हाउस, म्हणजे धनेशगृह, असे आहे. केरळने यास आपला राज्यपक्षी मानले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याची शिकार गुन्हा आहे. तथापि अरण्ये तुटत गेली, आणि २०१८ साली जागतिक यादीत या पक्ष्याची गणना ‘असुरक्षित’ म्हणून करण्यात आली. दुसरीकडे समाधान वाटावे अशाही गोष्टी घडल्या आहेत. अरुणाचल प्रदेशातील न्यिशी लोक पूर्वी धनेशाची चोच आपल्या पारंपरिक शिरोभूषणात लावीत. पक्के अरण्याच्या परिसरात आता तेथे कृत्रिम चोची वापरात आल्या आहेत आणि त्याच समाजातील माणसे घरट्यांची राखण करतात. केरळातील वाझाचलच्या रानात राहणारे कादर लोकही असेच राखणदार झाले आहेत. ज्यांस ती झाडे ठाऊक, त्यांच्याच हाती राखण असावी, हे योग्यच झाले.

आमच्या बेहड्याच्या ढोलीत त्यानंतर दोन हंगाम कोणी आले नाही. मी सुट्टीत घरी गेलो, की आधी कातळावर जाऊन पाही. आत कोळ्यांची जाळी दिसत. १९८५ च्या फेब्रुवारीत येथे बोर्डिंगात मला आजोबांचे पोस्टकार्ड आले. त्यांस लिहिण्याची सवय नव्हती; मोठमोठ्या अक्षरांत दोनच ओळी होत्या: “ढोलीस भिंत घातली आहे. अभ्यास करावा.” ते कार्ड मी अजून जपून ठेवले आहे. त्या मे महिन्यात मी नेहमीच्या जागेहून मागे, आजोबांनी दाखविलेल्या झाडांआड बसून, एक पिल्लू ढोलीच्या तोंडाशी येऊन पंख हलविताना पाहिले. जवळ गेलो नाही.

आज आजोबा नाहीत, वडील नाहीत. आई आहे. गेल्या वर्षी घरी गेलो असता ही सर्व हकिकत मी तिला प्रथमच सांगितली. तिला अंधारात कोंडले म्हणून माझ्या मनाने घेतले होते, हेही सांगितले. ती हसू लागली. म्हणाली, “अरे, त्या खोलीत मला कोणी कोंडले नव्हते. लग्न होऊन आल्यापासून तेवढेच चाळीस दिवस मी पाठ टेकली. रडत होते ती तुझ्या वडिलांच्या काळजीने.” मग थोडे थांबून तिने विचारले, “यंदा भिंत घातली का रे तिने?”

मी म्हटले, “घातली आहे.”

बालमित्रांनो, तुमच्या गावाकडे, सुट्टीत जाल तेथे, एखादे जुने पोकळ झाड असेल. त्याखाली जाऊन आधी जमिनीकडे पाहा. धनेशाच्या घरट्यातून फळांच्या बिया खाली टाकल्या जातात, आणि पावसाळ्यात तेथे उंबर, वड आणि रानातल्या नाना झाडांची रोपे दाटीने उगवतात. तसे काही दिसले, तर वर काठी नेऊ नका, दगड मारू नका, टाळ्याही वाजवू नका. दूर जाऊन बसा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारा. त्यांना पुष्कळ ठाऊक असते. कोणी विचारीत नाही, म्हणून ते सांगत नाहीत. आणि पालकांस एवढीच विनंती, की मुलांनी विचारले तर सांगावे. मला ते आकडी हाती घेण्यापूर्वी कळले असते, तर किती बरे झाले असते!